घरासाठी पोर्टेबल डिजिटल पियानो घेताय? आधी पट्ट्या तपासा, बाकी सगळं नंतर

पियानो शिकायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो तो "कुठला घ्यायचा", आणि मग ऑनलाइन बघायला बसलं की 500 आवाज, 200 ताल, रंगीत स्क्रीन, ब्लूटूथ, फ्री बॅग, फ्री हेडफोन असं सगळं समोर येतं आणि डोकं चक्रावतं. माझं म्हणणं एकच आहे. डिजिटल पियानोमधली जवळपास प्रत्येक गोष्ट नंतर बदलता येते. आवाज नाही आवडला तर चांगला हेडफोन घ्या, बाहेरचा स्पीकर लावा, लॅपटॉपला जोडून दुसऱ्याच पियानोचा आवाज वाजवा, स्टँड बदला, पेडल बदला. पट्ट्या मात्र बदलता येत नाहीत. त्या जशा आल्या तशाच आठ-दहा वर्षं बोटांखाली राहणार आणि बोटांना सवयही त्यांचीच लागणार. म्हणून निवड करताना आधी पट्ट्या बघायच्या आणि मग बाकीचं, दुकानदार उलट्या क्रमाने दाखवत असला तरीसुद्धा.

हे सगळं पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी लिहितोय, म्हणजे स्वतः शिकणारे मोठे, मुलांना क्लास लावलेले आईबाबा, आणि पेटी वाजवणारे पण आता पियानोकडे वळलेले लोक.

सगळ्यात आधी: तुम्हाला पियानोच हवाय ना?

कीबोर्ड आणि डिजिटल पियानो या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दिसतात सारख्या, दुकानात शेजारीशेजारीच ठेवलेल्या असतात, आणि घरच्यांना किमतीत एवढा फरक का ते कळत नाही. साध्या कीबोर्डला बहुतेक 61 पट्ट्या असतात आणि त्यांच्याखाली स्प्रिंग असते, पट्टी हलकी लागते आणि लगेच वर येते. पियानोला 88 पट्ट्या असतात, 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या, आणि अकूस्टिक पियानोत प्रत्येक पट्टीमागे एक लाकडी हातोडी असते जी तारेवर जाऊन आपटते. डिजिटल पियानोत तारा नसतात, पण चांगल्या मॉडेलमध्ये पट्टीमागे खरंच छोटी वजनदार हातोडी असते, ती फक्त वजनाचा फील देण्यासाठी. यालाच वेटेड हॅमर ॲक्शन म्हणतात.

तुम्हाला लग्नात, गणपतीत, ऑर्केस्ट्रात वाजवायचं असेल, ताल आणि वेगवेगळी वाद्यं हवी असतील तर कीबोर्डच घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही, ते वेगळं काम आहे. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड परीक्षा आपल्याकडे खूप मुलं देतात, तिथेसुद्धा पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन वेगळे विषय आहेत. त्यामुळे मुलाचा क्लास नक्की कशाचा आहे हे सरांना किंवा मॅडमना स्पष्ट विचारा. पियानोचा क्लास लावून घरी स्प्रिंगच्या कीबोर्डवर सराव करणाऱ्या मुलाला क्लासमधल्या पियानोवर बसल्यावर बोटं दमल्यासारखी वाटतात, हळू वाजवायला गेलं तर सूर वाजतच नाही, आणि मग त्याला वाटतं आपल्याला जमत नाही. हे मला फार लागतं कारण त्यात मुलाची काहीच चूक नसते.

ऑनलाइन एक फसगत होते ती इथेच सांगतो. "88 कीज, वेटेड" असं लिहून फार स्वस्तात काही वस्तू मिळतात, घडी होणाऱ्या, गुंडाळता येणाऱ्या सिलिकॉनच्या वगैरे. 88 हा फक्त आकडा झाला. स्पेसिफिकेशनमध्ये "सेमी-वेटेड" असेल तर आत बहुतेक वेळा स्प्रिंगच असते, आणि "टच सेन्सिटिव्ह" म्हणजे फक्त जोरात दाबलं तर जोरात वाजतं एवढंच, वजनाशी त्याचा संबंध नाही. "हॅमर ॲक्शन" हे शब्द शोधा.

घरातली जागा मोजा, टेप घेऊन

88 पट्ट्यांचा पियानो साधारण सव्वा मीटरपेक्षा थोडा लांब असतो, त्यात तडजोड होऊ शकत नाही. खोली, म्हणजे पुढून मागपर्यंतचं माप, मात्र मॉडेलप्रमाणे बदलते. यामाहा पी-145 ची लांबी 1326 मिलिमीटर, खोली 268, वजन 11.1 किलो. रोलँड एफपी-10 ची लांबी 1284, खोली 258, वजन 12.3 किलो. कॅसिओ सीडीपी-एस110 ची लांबी 1322 पण खोली फक्त 232 आणि वजन साडेदहा किलो. वन बीएचकेमध्ये हे तीन-चार सेंटिमीटर खरंच जाणवतात, विशेषतः पियानो वाजवून झाल्यावर कपाटामागे उभा करून ठेवायचा असेल तर. रोलँडचाच वरचा एफपी-30एक्स 14.8 किलोचा आहे, म्हणजे पोर्टेबल म्हटलं तरी रोज एकट्याने उचलून ठेवायचं काम नाही. तेव्हा पोर्टेबल म्हणजे तुमच्यासाठी काय ते ठरवा: रोज उचलायचाय, की वर्षातून एकदा घर बदलताना?

उंचीचा विचार लोक करतच नाहीत. पांढऱ्या पट्टीचा वरचा भाग जमिनीपासून साधारण 72 ते 74 सेंटिमीटरवर हवा. आपलं डायनिंग टेबल साधारण 75 सेंटिमीटरचं असतं, त्यावर पियानो ठेवला की पट्ट्या 82-85 पर्यंत जातात, मग खांदे वर येतात, मनगटं वाकतात आणि अर्ध्या तासात मान दुखायला लागते. त्यामुळे बजेटमध्ये स्टँड धरायचाच. एक्स आकाराचा स्टँड स्वस्त असतो पण जोरात वाजवलं की डुलतो आणि मधे पायांना अडतो, झेड आकाराचा किंवा टेबलासारखा चौकोनी स्टँड त्यापेक्षा कितीतरी स्थिर. कंपनीचा लाकडी स्टँड सगळ्यात भक्कम, पण तो लावला की पियानोचं पोर्टेबलपण गेलं असंच समजा.

दुकानात: पट्ट्यांची तपासणी

शक्य असेल तर प्रत्यक्ष हात लावल्याशिवाय घेऊ नका. मुंबईत धोबी तलावला फुर्तादोज आहे, 1865 पासूनचं दुकान, तिथे पाश्चात्त्य वाद्यंच प्रामुख्याने मिळतात, पुण्यात आणि गोव्यातही वाद्यांच्या मोठ्या दुकानांत दोन-तीन मॉडेल्स लावून ठेवलेली असतात. शनिवार-रविवारी संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत काही ऐकू येत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जा आणि आधीच सांगा की मला अर्धा तास लागेल.

तुम्हाला अजून वाजवता येत नसलं तरी हे सगळं जमतं, कारण यात गाणं वाजवायचंच नाहीये.

पहिलं काम, आवाज शून्यावर करा. मग मधल्या भागातली एक पांढरी पट्टी अगदी हळू, दोन-तीन सेकंद घेऊन खाली न्या. हातोडी असलेली पट्टी सुरुवातीला अडते आणि मग स्वतःच्या वजनाने खाली घसरल्यासारखी जाते. स्प्रिंगची पट्टी बरोबर उलटी, सुरुवातीला हलकी आणि खाली जाताना जड होत जाते. हा फरक एकदा बोटाला कळला की कोणी कितीही "वेटेड आहे सर" म्हणालं तरी तुम्हाला आपोआप कळेल.

दुसरं काम नाण्यांचं. खिशात बारा-तेरा पाच रुपयांची नाणी घेऊन जा, ती पिवळसर सोनेरी, छोटी गोल, पितळी रंगाची, 2019 च्या आधीची. ते नाणं 6 ग्रॅमचं आहे आणि 23 मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे पांढऱ्या पट्टीच्या रुंदीत जवळजवळ बरोबर मावतं, शेजारच्या पट्टीला अडकत नाही. (जुनं जाड पांढरं पाचचं नाणं 9 ग्रॅमचं आहे, ते मिसळू नका, आणि दहाचं नाणं रुंद असल्यामुळे चालत नाही.) दुकानदाराला विचारून मधल्या सा च्या आसपासच्या पांढऱ्या पट्टीच्या अगदी पुढच्या टोकावर एकावर एक नाणी ठेवत जा. अकूस्टिक पियानोवर मधल्या भागात साधारण 50 ग्रॅमच्या आसपास पट्टी हळूच खाली जायला लागते, म्हणजे आठ-नऊ नाणी. डिजिटलवर एक-दोन नाणी जास्त लागली तरी चालतं, पण बारा-तेरा लागली तर सात-आठ वर्षांच्या मुलाच्या बोटांना ते जड जाणार. पाच-सहातच पट्टी धाडकन खाली गेली तर फार हलकी. आता एकेक नाणं काढत जा आणि पट्टी कधी वर येते ते बघा. तीन-चार नाणी उरलेली असताना ती स्वतःहून वर यायला हवी. त्याआधी काहीच हालचाल नाही आणि शेवटचं नाणं काढल्यावरच वर आली तर ती पट्टी आळशी आहे, जलद वाजवताना तोच सूर पुन्हा पटकन वाजणार नाही.

आता खरी परीक्षा. त्याच पट्टीवर पण मागे, काळ्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत, बोटाने दाबा. पट्टी आत जिथे टेकलेली असते त्या टेकूपासून आपण जवळ आलो की तीच पट्टी जड लागते, हे सगळ्या पियानोंमध्ये होतं, पण छोट्या आटोपशीर मॉडेल्समध्ये पट्टीची आतली लांबी कमी असल्यामुळे जास्त होतं. पियानो जितका कमी खोलीचा तितका हा प्रश्न जास्त संभवतो, वर जे तीन-चार सेंटिमीटर वाचले म्हटलं त्याची किंमत इथे मोजावी लागते. नवशिक्याला पहिले सहा महिने काही फरक पडत नाही कारण सगळं पांढऱ्या पट्ट्यांच्या पुढच्या भागावरच वाजतं. काळ्या पट्ट्या जास्त असलेले स्केल आले की अंगठा आत जातो आणि मग कळतं. म्हणून घेतानाच अंगठा आत घालून दहा वेळा दाबून बघा, सूर न वाजता चुकतोय का ते.

मग सगळ्यात डावीकडची पट्टी आणि सगळ्यात उजवीकडची पट्टी एकामागून एक दाबा. डावीकडची थोडी जड लागली पाहिजे. याला ग्रेडेड म्हणतात, अकूस्टिक पियानोत खर्जाच्या हातोड्या मोठ्या असतात म्हणून. नंतर आवाज शून्यावरच ठेवून दोन्ही हातांनी कसंही जोरात वाजवा आणि पट्ट्यांचा ठकठक आवाज ऐका. रात्री हेडफोन लावून वाजवताना घरातल्या बाकीच्यांना हाच आवाज ऐकू येणार आहे, आणि स्टँडमधून जमिनीत उतरून खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही. प्रत्येक पियानोला थोडी ठकठक असतेच, प्लॅस्टिकसारखी खडखड नको.

सेन्सरबद्दल थोडंसं. पट्टी किती वेगाने खाली गेली ते मोजायला खाली सेन्सर असतात, दोन किंवा तीन. तीन असतील तर पट्टी पूर्ण वर न येता परत दाबली तरी सूर वाजतो. एफपी-10 मध्ये तीन आहेत, पी-145 आणि सीडीपी-एस110 मध्ये दोन. हे कागदावर मोठं वाटतं, प्रत्यक्षात पहिली दोन-तीन वर्षं त्याने काही अडत नाही. पण दोन मॉडेलमध्ये मन अडकलंच असेल तर हा फरक तीनच्या बाजूने धरावा असं मला वाटतं, कारण तोही पट्ट्यांचाच भाग आहे आणि नंतर बदलता येत नाही.

आता आवाज चढवा

एकच पट्टी घ्या आणि अगदी हळूपासून अगदी जोरात अशी सात-आठ वेळा वाजवा. फक्त आवाज मोठा होतोय की सुराचा रंगही बदलतोय ते ऐका. हळू वाजवल्यावर गोल, मऊ आणि जोरात वाजवल्यावर धातूसारखा उजळ व्हायला हवा. मधेच एका पायरीवर रंग एकदम उडी मारून बदलत असेल तर आत खऱ्या पियानोचे रेकॉर्ड केलेले नमुने कमी वापरलेत असं समजा.

मग खर्जातली एक पट्टी दाबून धरा आणि बोलू नका, पंधरा-वीस सेकंद फक्त ऐका. सूर हळूहळू विरत जायला हवा. काही स्वस्त मॉडेल्समध्ये दोन-तीन सेकंदांनंतर तोच तुकडा फिरत असल्यासारखा एकसुरी गुणगुणाट ऐकू येतो, तंबोऱ्याच्या ॲपमध्ये जोड कळतो तसा.

पॉलीफोनीचा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो. एका वेळी किती सूर वाजत राहू शकतात तो हा आकडा: पी-145 आणि सीडीपी-एस110 ला 64, एफपी-10 ला 96, यामाहाच्याच पी-225 आणि कॅसिओ पीएक्स-एस1100 ला 192, एफपी-30एक्स ला 256. बोटं दहाच आहेत मग 64 कशाला लागतात असं वाटतं, पण पेडल दाबलं की आधीचे सूर चालूच राहतात आणि एका सुराला डावा-उजवा मिळून दोन जागाही लागू शकतात. तपासायचं असेल तर पेडल दाबून खर्जातला एक सूर लावा आणि मग वरच्या पट्ट्यांवर भरपूर वाजवत राहा, खालचा सूर मधेच तुटला तर तुम्हाला ऐकू येईल. सुरुवातीच्या धड्यांना 64 पुरतात. या आकड्यासाठी जड किंवा खडखडणाऱ्या पट्ट्या घेऊ नका एवढंच.

दुकानातला आवाज घरी तसाच येईल असं नाही. पोर्टेबल मॉडेल्समध्ये स्पीकर बऱ्याचदा खालच्या बाजूला तोंड करून असतात, टेबलावर ठेवला की आवाज टेबलावर आपटून येतो, स्टँडवर मोकळा वाजतो आणि पलंगावर गादीवर ठेवला तर कोंदतो. दुकानात कशावर ठेवलाय ते बघून मगच मत बनवा.

पेडल, हेडफोन आणि जोडण्या

बॉक्समध्ये जे छोटं चौकोनी प्लॅस्टिकचं पेडल येतं ते खरं तर पायाने दाबायचं बटण आहे, फरशीवर सरकत जातं आणि मुलं त्याच्या मागे पाय ताणत बसतात. पियानोच्या पेडलच्या आकाराचं धातूचं वेगळं पेडल घ्या आणि खाली रबरी मॅट टाका. घेताना दोन गोष्टी बघायच्या. एक, पेडलची पोलॅरिटी कंपनीप्रमाणे उलटसुलट असते, चुकीची असेल तर पाय सोडल्यावर सूर लांबतो आणि दाबल्यावर तुटतो. बऱ्याच पेडलला खाली ती बदलायचं छोटं बटण असतं, नसेल तर पियानो बंद करून पेडलवर पाय न ठेवता परत चालू करून बघा, काही मॉडेल्स चालू होतानाच ओळखतात. दुसरं, हाफ पेडल चालतं का, म्हणजे पेडल अर्धंच दाबल्यावर अर्धा परिणाम मिळतो का. त्यासाठी पियानो आणि पेडल दोन्ही तसे लागतात.

हेडफोन तारेचाच घ्या. ब्लूटूथ हेडफोनमध्ये पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत जो उशीर होतो त्यात वाजवणं अशक्य होतं, लय हातातून निसटते. पियानोवर "ब्लूटूथ ऑडिओ" लिहिलेलं असतं ते सहसा मोबाइलवरचं गाणं पियानोच्या स्पीकरमधून ऐकण्यासाठी असतं, आणि "ब्लूटूथ मिडी" म्हणजे कोणती पट्टी किती जोरात दाबली ही माहिती टॅबला पाठवणं, त्यात आवाज जातच नाही. एफपी-10 ला ब्लूटूथ मिडी आहे, ब्लूटूथ ऑडिओ नाही, आणि घेऊन झाल्यावर लोक वैतागतात की मोबाइल का जोडला जात नाही. हेडफोनची पिनही बघून घ्या, काहींना मोठी 6.35 मिलिमीटरची लागते आणि काहींना मोबाइलसारखी 3.5 ची. कन्व्हर्टर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो पण घरी आल्यावर रात्री तो नसतो.

यूएसबीचं पोर्ट मात्र असायलाच हवं, कारण सुरुवातीला म्हटलं ना की आवाज बदलता येतो, तो याच वायरने. बहुतेकांना प्रिंटरला असतं तसं चौकोनी यूएसबी-बी पोर्ट असतं आणि वायर बॉक्समध्ये येत नाही. लॅपटॉप किंवा आयपॅडला जोडलं की तिथल्या ॲपमधला पियानो तुमच्या पट्ट्यांनी वाजतो. अशा वेळी दोन आवाज एकत्र ऐकू आले तर घाबरू नका, पियानोच्या सेटिंगमध्ये "लोकल" ऑफ करा, म्हणजे पियानोचा स्वतःचा आवाज बंद होतो.

गाणाऱ्यांसाठी आणि पेटीवाल्यांसाठी

घरात कोणी गात असेल तर ट्रान्सपोज बघाच. काळी एक, पांढरी पाच, काळी चार असा ज्याचा त्याचा सा असतो आणि पियानो नव्याने शिकणाऱ्याला पांढरी एक सोडून बाकी कुठूनही वाजवायला जड जातं. ट्रान्सपोज एकने वर केला की बोटं पांढरी एकची आणि सूर काळी एकचा. शिकताना याची सवय लावून घेऊ नका, पण साथीला बसायचं असेल तर फार उपयोगी. ट्यूनिंग वेगळं असतं. पियानो 440 हर्ट्झवर लावलेला येतो आणि घरातली जुनी पेटी नेमकी तिथे असेलच असं नाही, दोन्ही एकत्र वाजवले की खरवड लागते. या सगळ्या मॉडेल्समध्ये ट्यूनिंग थोडं वर-खाली करता येतं, पेटी वाजवून बाजूला पियानो जुळवून घ्या.

छोट्या मॉडेल्सवर बटणं दोन-तीनच असतात. मेट्रोनोम (लय धरायला टिकटिक), ट्रान्सपोज, सगळं एक बटण दाबून धरून अमुक पट्टी दाबा असं असतं. कंपनीच्या साइटवरून त्याचा एक पानाचा तक्ता प्रिंट काढून स्टँडला चिकटवा.

सेकंडहँड असेल तर

सेकंडहँड वाईट नाही, उलट सहा महिन्यांत कंटाळून विकणारे खूप असतात. पण एक काम सोडू नका: 88 च्या 88 पट्ट्या, आधी प्रत्येक अगदी हळू आणि मग प्रत्येक मध्यम जोरात, हेडफोन लावून. पट्टीखाली रबराचे छोटे घुमट असतात, त्यावर धूळ किंवा ओल गेली की ती पट्टी एकतर मधेच गप्प राहते किंवा हळू दाबली तरी पूर्ण जोरात किंचाळते. दमट हवेत, म्हणजे मुंबई, कोकण, गोवा, हे जास्त दिसतं. एखाद-दुसरी पट्टी साफ करून नीट होते, पण त्यासाठी सगळं उघडावं लागतं, तो खर्च किमतीतून वजा करून मागा. पट्टीला बाजूने हलवून बघा, थोडी ढिली चालते, शेजारच्या पट्टीवर आपटणारी नको. अडॅप्टर ओरिजिनल आहे का बघा, पिनची पोलॅरिटी आणि व्होल्टेज जुळलं नाही तर पियानो जाऊ शकतो, घरातला कुठलाही मिळताजुळता अडॅप्टर लावू नका.

परदेशातून कोणी नातेवाईक येताना आणणार असेल तर अडॅप्टरवरची "इनपुट" ओळ त्यांना फोटो काढून पाठवायला सांगा. 100-240 व्होल्ट लिहिलं असेल तर इथे फक्त प्लगची पिन बदलून चालेल, फक्त 120 लिहिलं असेल तर इथला अडॅप्टर वेगळा घ्यावा लागेल. वॉरंटी सहसा ज्या देशात घेतला तिथलीच असते हेही धरून चाला.

कुठला घेऊ मग?

पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी मी सहसा पी-145, एफपी-10 आणि सीडीपी-एस110 या तिघांमध्येच बघायला सांगतो. किमती दुकानाप्रमाणे आणि सणाच्या ऑफरप्रमाणे हलतात. पट्ट्या माझ्या मते एफपी-10 च्या सगळ्यात चांगल्या, आणि ज्या मुलाचा क्लास अकूस्टिक पियानोवर चालतो त्याला मी तोच सांगेन. घर लहान असेल, रोज काढून ठेवायचा असेल तर कॅसिओ, शिवाय तो सहा पेन्सिल सेलवर चालतो म्हणजे लाइट गेली तरी सराव बंद नाही. पी-145 त्या दोघांच्या मधे, थोडा हलका हात आणि मला त्याचा आवाज स्वच्छ वाटतो. पण तुमचं बोट जे सांगेल ते माझ्या मताच्या वर. मुलासाठी घेताय तर मुलाला सोबत न्या आणि त्यालाच दाबू द्या, त्याच्या हातावरूनच ठरवा.

घरी आल्यावर

बॉक्स आणि थर्माकोल रिटर्नची मुदत संपेपर्यंत टाकू नका. पहिल्या दिवशीच वर सांगितलेली 88 पट्ट्यांची तपासणी नव्या पियानोवरही करा, काही अडलं तर व्हिडिओ काढून लगेच दुकानदाराला पाठवा. काही वेळ न वाजवता ठेवला की बरीच मॉडेल्स आपोआप बंद होतात, तो बिघाड नाही, सेटिंगमधून ते काढता येतं. खिडकीजवळ, जिथे पावसाचा शिडकावा किंवा दुपारचं थेट ऊन येतं, तिथे ठेवू नका. वाजवून झाल्यावर सुती कापड किंवा कव्हर टाका, पावसाळ्यात कव्हरखाली सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या ठेवा आणि त्या महिन्या-दीड महिन्याने बदला. पट्ट्या पुसायला थोडंसं ओलं करून घट्ट पिळलेलं मऊ कापड पुरतं, स्पिरिट किंवा काच पुसायचा स्प्रे नको. आणि पियानोवर चहाचा कप ठेवायचा नाही हे घरातल्या सगळ्यांना, पाहुण्यांसकट, पहिल्याच दिवशी सांगून टाका.